पुढची तारीख

पौषात लग्नं नसतात, म्हणून मंगल कार्यालय बघायला पौषासारखा महिना नाही, असं माझा मामा सांगायचा. मांडव नसतो, बँड नसतो, व्यवस्थापकाला बोलायला वेळ असतो, आणि रोषणाईच्या माळा उतरल्या की भिंतीचा खरा रंग कळतो. मामा आता नाही, पण त्याचा शब्द पाळून जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी राहुरीहून गाडी काढली, नगरला माळीवाडा स्टँडसमोर उभ्या असलेल्या धनश्रीला घेतलं आणि आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो.

धनश्री नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि खोली घेऊन तिथंच राहते. घर कर्जतला. आमचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता, लग्न वैशाखात धरलं होतं. राहुरीत माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे, वय चौतीस, केस पुढून कमी होत चाललेले, आणि अशा माणसाला अशी मुलगी मिळाली म्हणून आमच्या भावकीत अजून कुणाकुणाला रात्री नीट झोप लागत नाही. तिच्याकडचे पाहुणे कर्जतचे, आमचे राहुरीचे, तेव्हा दोघांना मधलं पडेल असं काहीतरी सोलापूर रस्त्यावर बघायचं ठरलं होतं. यादी मी केली होती. यादीत दोनच नावं होती आणि दोन्ही मिरजगावच्या अलीकडची होती.

ती तशी का होती, हे मला त्या दिवशी धनश्रीला सांगायचं होतं. खरं तर साखरपुड्याच्या आधीच सांगायचं होतं. चौकशीत निघालंच होतं की माझं एक लग्न आधी ठरून मोडलं होतं. कोरोनाचा काळ होता, मुलीकडच्यांनी माघार घेतली, असं आमच्याकडून सांगितलं गेलं. सांगितलं गेलं म्हणजे मी सांगितलं.

त्या मुलीचं नाव निकिता. मिरजगावची. दोन हजार एकवीसचा मे महिना होता आणि पंचवीस माणसांत लग्न उरकायची परवानगी होती. आदल्या दिवशी दुपारी आमच्या दारात मला हळद लागली, हातात कट्यार दिली, कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलं, आणि माझ्या अंगाची उरलेली उष्टी हळद वाटीत घालून, हिरव्या साडीबरोबर, माझी बहीण आणि मेहुणे मिरजगावला घेऊन गेले. नवरीकडच्यांनी मुलीला संध्याकाळीच कार्यालयात आणून ठेवलं होतं, कारण लग्न सकाळचं होतं आणि वेळ दोन तासांचीच होती. तिथल्या नवरीच्या खोलीत तिला माझी हळद लागली.

आणि इकडे मी ओसरीवर पिवळा होऊन बसलो होतो आणि मला रडू येत होतं. मुलगी नापसंत नव्हती. मला वाईट वाटत होतं ते पंचवीस माणसांचं. माझ्या सगळ्या मित्रांच्या वराती निघाल्या होत्या, पाचशे-पाचशे पानं उठली होती, आणि मी मात्र चोरून केल्यासारखं लग्न करणार होतो. रात्री जेवणाच्या वेळी मी निकिताच्या वडिलांना फोन लावला आणि म्हणालो, आमच्या बापूंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, दहा-पंधरा दिवस तारीख पुढे ढकलू. बापू, म्हणजे माझे वडील, समोरच बसून भाकरी खात होते. त्यांनी ऐकलं आणि ते गप्प बसले. आमच्या घरात गप्प बसणं हाच होकार असतो.

थोड्या वेळानं निकिताचा फोन आला. आमचं तोवर फोनवर फार बोलणं झालं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "हळद लागलीय हो मला. हळदीच्या अंगानं परत घरी न्यायचं नसतं म्हणतात. आता मी काय करू?"

मी म्हणालो, "बघू."

दहा दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना. तिच्या वडिलांचे फोन यायचे, मी आधी बघू म्हणायचो, मग उचलेनासा झालो. लग्न मोडलं असं मी कुणाला सांगितलंच नाही. ते आपोआप मोडेल अशी मी वाट बघितली, आणि चार वर्षांनी कुणी विचारलं तेव्हा मोडल्याचं खापर त्यांच्यावर फोडून मोकळा झालो. मधे एकदा मिरजगावकडचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं होतं. नळ्या मोजून घेता घेता सहज म्हणालं की त्या घरातली पोरगी म्हणं खोलीतनं भाईरच येत न्हाई. कुठल्या खोलीतून, हे मी विचारलं नाही. नळ्या बांधून दिल्या.

हे धनश्रीला सांगितलं तर वैशाखातलं लग्न राहील का, मला ठाऊक नव्हतं. न सांगता बोहल्यावर उभं राहायचीही हिंमत नव्हती. पहिलं कार्यालय बघून झालं की सांगू, असं ठरवून मी गाडी चालवत होतो.

पहिलं कार्यालय नगर सोडल्यावर पाच-सहा किलोमीटरवर होतं. मोठं लॉन, कारंजं, दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती. बिभीषण नावाचे तिथले व्यवस्थापक हत्तींच्या सोंडेतून अक्षतांच्या वेळी गुलाबपाणी कसं उडतं हे सांगण्यात रंगले होते, आणि धनश्री त्यांना बोअरला उन्हाळ्यात पाणी किती असतं हे विचारून विचारून जमिनीवर आणत होती. मला तिचं हे फार आवडतं. बायकांची स्वच्छतागृहं, दुसऱ्या पंगतीला लागणारा वेळ, म्हाताऱ्यांना चढायला पायऱ्या किती, सगळं तिनं विचारलं. मग ती नवरीची खोली बघायला मागच्या बाजूला गेली आणि मी तिच्यामागे.

खोलीच्या दाराशी एक बाई फरशी पुसत होती. तिनं मान वर न करता हात आडवा केला. "आत नका जाऊ. नवरी बसलीय, हळदीची."

आम्ही मागे सरलो. दाराखालून उजेडाची पट्टी दिसत होती आणि आत कुणीतरी बांगड्या मागे सारल्यासारखा आवाज झाला. आपण कुणाच्या तरी घाईगर्दीत आलो या संकोचानं धनश्री हळू आवाजात "राहू द्या" म्हणाली. गाडीत बसताना मात्र तिच्यातली शिक्षिका जागी झाली.

"पौषात हळद?" ती म्हणाली. "कुणाची?"

बिभीषण निरोप द्यायला गाडीपर्यंत आले होते. त्यांना तिनं विचारलं. ते हसले. "आज इथं काय नाही ताई. संक्रांतीनंतर एक वाढदिवस आहे, बाकी थेट माघात. ती बाई जरा तशीच आहे, मनावर घेऊ नका."

धनश्रीही हसली. मी हसलो नाही, आणि ठरवल्याप्रमाणे काही सांगितलंही नाही. माणूस एकदा थाप मारतो ती घाबरून. पुढं मात्र त्याला रोज उठून तीच थाप नव्यानं मारावी लागते, आणि ती तोंड न उघडताही मारता येते हे मला इतक्या वर्षांत चांगलं समजलं होतं.

दुसरं कार्यालय रुईछत्तीशीच्या पुढे, रस्त्याला लागून होतं. साधं, जुनं, पत्र्याच्या छताचं. तिथं एक मध्यमवयीन गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आमची वाटच बघत होते. दिवाळीनंतरचं शेवटचं लग्न होऊन तीन आठवडे झाले, तेव्हापासून सगळं बंदच आहे, धूळ असेल तर रागवू नका, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. धूळ होतीच. खुर्च्यांच्या उतरंडींवर, स्टेजवरच्या मखमली सिंहासनांवर, जेवणाच्या टेबलांवर ती सारखी पसरली होती. नवरीच्या खोलीचं कुलूप गंजलेलं होतं आणि ते उघडायला त्यांना दोन मिनिटं लागली.

आत ओल्या हळदीचा वास होता.

खोलीत एक आरसा, एक पलंग आणि भिंतीत खुंट्या एवढंच होतं. फरशीवर धुळीचा थर होता, त्यावर पाऊल नव्हतं. धनश्री आत जाऊन खिडकी बघून आली आणि परत फिरताना थांबली. दाराच्या आतल्या अंगाला, कडीच्या जरा वर, दोन हातांचे पिवळे ठसे होते. हळदीच्या कार्यक्रमात पोरी भिंतीवर मजेनं हात उमटवतात तसे ते नव्हते. दार बाहेर ढकलायला दोन्ही तळवे टेकवावेत तसे होते, बोटं पसरलेली, आणि तळव्याखाली घसरल्याची रेघ. धनश्रीनं त्यातल्या एकावर सहज आपला हात ठेवून बघितला. मापाला बरोबर बसला. तिनं हात उचलला तेव्हा तो पिवळा झाला होता.

"ओलीय," ती म्हणाली.

ते गृहस्थ पोरांना शिव्या घालत मळका फडका आणायला गेले. धनश्रीनं बाहेरच्या नळावर हात धुतला, मग पर्समधला साबण काढून धुतला, मग नखानं घासला. मी नळाची चावी धरून उभा होतो. पाणी स्वच्छ वाहत होतं आणि हात तसाच होता. माझ्या जिभेवर निकिताचं नाव आलं होतं. ते तिथंच बसून राहिलं.

रस्त्यावरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. धनश्री पिवळ्या हातानं कप धरून बराच वेळ गप्प होती. ती गप्प बसली की मला आमच्या घराची आठवण येते.

"तुमचं ते आधीचं लग्न," ती म्हणाली, "ते कुठं होणार होतं?"

"मिरजगावला. कार्यालय मी कधी बघितलं नाही." हे खरं होतं. त्या दिवसात मी बोललेलं हे एवढंच वाक्य खरं होतं.

"मिरजगावला एकच जुनं कार्यालय आहे. माझ्या मोठ्या वहिनींचं लग्न तिथंच झालं. तेही बघू ना, वाटेतच आहे. आमच्या माणसांना किती जवळ पडेल." आणि मग कपाकडे बघत, "तुम्हाला नको असेल तर राहू द्या."

नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मी पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

मिरजगावात शिरण्याआधी उजवीकडे एक कच्चा रस्ता फुटतो, त्याच्या टोकाला ते होतं. कमानीवर गणपती, त्याखाली फिकट झालेलं 'शुभविवाह', आणि त्याच्या खाली दोन नावं लावायच्या दोन रिकाम्या चौकटी. अंगणात ऊन पडलं होतं. एक म्हातारी सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचं नाव रंगुबाई, ती तिथंच राहते आणि झाडलोट बघते, हे तिनं आम्ही न विचारताच सांगितलं. मालक पुण्याला असतो, काय बघायचं ते बघा, म्हणाली. मग तिची नजर धनश्रीच्या हातावर गेली आणि तिथं जरा थांबली.

"नवरीची खोली बघायचीय ना? त्यो डाव्या हाताचा दरवाजा. तू एकली जा, बाई. बाप्यानं न्हाई जायचं तितं. हळदीची पोर हाय आत."

धनश्रीनं माझ्याकडे बघितलं. नको जाऊ, असं मी म्हणेन याची ती वाट बघत होती, असं मला आता वाटतं. तेव्हा मी चपलेच्या टोकानं एक शेंग सरकवत उभा होतो. ती गेली. दार उघडल्याचा आवाज झाला, मग लागल्याचा.

"कुणाचं लग्न आहे?" मी विचारलं. "पौष चालू आहे, आजी."

"आत्ताचं कुटं म्हन्ते मी? लई दिस झालं त्याला. लगीन फुडं ढकललंय."

"मोडलं असेल."

रंगुबाईनं शेंग दाताखाली धरून फोडली. "मोडलं आसतं तर कुनी येऊन सांगितलं आसतं की. कुनी आलंच न्हाई. मोडलं म्हनून सांगत न्हाईत तवर हळद उतरत न्हाई, दादा. न उतरल्या हळदीनं पोरीनं उंबरा कसा वलांडायचा? तुमीच सांगा."

आतून बोलणं ऐकू येत होतं. दोन बायका बोलत होत्या, अगदी हलक्या आवाजात. एक आवाज धनश्रीचा होता. दुसरा मी फोनवर एकदा शेवटचा ऐकला होता, आणि माणसाला वाटतं तितकं काही विसरता येत नाही. मधेच दोघी हसल्या. त्या हसण्यात रागाचं काही नव्हतं.

"तुमी वळखता का त्या नवरदेवाला?" रंगुबाई म्हणाली. "राहुरीकडचा हुता म्हन्त्यात. वळखत आसाल तर येवढा निरोप द्या. म्हनावं, भांडान न्हाई, तंटा न्हाई, काय मागनं न्हाई. येवून दारात हुबं ऱ्हायाचं आन् मोडलं म्हनायचं. एक सबूद. पोर मोकळी हुईल."

दरवाजा माझ्यापासून वीस पावलांवर होता. त्या वीस पावलांचा हिशेब मी त्यानंतर रोज करतो. मी चालत गेलो असतो, एक शब्द बोललो असतो, आतल्या दोघींनीही तो ऐकला असता, आणि पुढं जे व्हायचं ते झालं असतं. धनश्री कदाचित मला सोडून गेली असती. सोडून तरी गेली असती.

"नाही," मी म्हणालो. "मी नाही ओळखत."

म्हातारीनं मान डोलावली आणि सूप पाखडायला घेतलं.

धनश्री बाहेर आली तेव्हा तिनं डोक्यावरून ओढणी घट्ट बांधली होती, उन्हात स्कूटरवर जाताना मुली बांधतात तशी, नुसते डोळे दिसतील अशी. मागे दार उघडंच राहिलं होतं आणि आत काळोख होता. आता तिथं कुणी असेल असं वाटत नव्हतं. रंगुबाई लगबगीनं उठली, दाराकडे गेली, आत डोकावली, आणि आपल्याशीच "चला, सुटली बाई" म्हणून तिनं खराटा हातात घेतला.

मिरजगाव ते कर्जत वीसेक किलोमीटरच आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. निम्मा रस्ता धनश्री ज्वारीकडेच बघत होती. मी आत कोण होतं हे विचारलं नाही. न विचारण्याची मला सवय आहे.

"एक विचारू?" ती शेवटी म्हणाली. "एकदाच विचारते. ते लग्न त्यांनीच मोडलं होतं ना?"

तिचा आवाज इतका मऊ होता की मला वाटलं, आता सांगावं. गाडी बाजूला घ्यावी आणि बापूंच्या भाकरीपासून सगळं सांगावं. समोरून उसाची ट्रॉली आली. तिला वाट देईपर्यंत तो क्षण निघून गेला.

"हो," मी म्हणालो.

"बरं," धनश्री म्हणाली.

कर्जतला त्यांच्या दारात गाडी लावली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिची आई आतून "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही" म्हणत होती. धनश्रीनं पायरीवर चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आत जाऊन ती वळली आणि ओढणी सोडली. कपाळ, गाल, कानाची पाळी, मानेच्या मागचा भाग, सगळीकडं हळद होती. नीट, पद्धतशीर लावलेली, कुणा जाणत्या बाईनं माया करून लावावी तशी.

"हे कुणी..." मी म्हणालो.

"वाटीत थोडी उरली होती," ती म्हणाली. "तुमचीच आहे, उष्टी. त्या म्हणाल्या, मला पुरे झाली, आता तू घे. त्यांना घरी जायचं होतं हो. किती दिवस झाले." ती हसली. चिडलेली नव्हती. "वैशाखापर्यंत मी आता बाहेर येणार नाही. शाळेत कळवते तसं. कार्यालय तुम्ही एकटेच ठरवा, कुठलंही चालेल, पंचवीस माणसांचं असलं तरी चालेल."

तिची पिवळी पावलं उंबऱ्याच्या आत, बोटभर अलीकडे, जोडून उभी होती.

"तारीख तेवढी पुढे ढकलू नका."

मी तिला वचन द्यायला तोंड उघडलं. खरंच द्यायला उघडलं होतं. आतून कपबशा आल्याचा आवाज झाला, धनश्री माझ्याकडे बघत वाट पाहत होती, आणि माझ्याच ओळखीच्या, मऊ, समजूतदार आवाजात मला ऐकू आलं,

"बघू."